मिशा काढल्या तरी वय जात नाही

गेल्या आठवड्यात आमच्या नाटकमंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज पडला. दुसऱ्या दिवशी तोच मावशीच्या ग्रुपवर, संध्याकाळी शाळेच्या बॅचच्या ग्रुपवर. मजकूर थोडक्यात असा: मोठी माणसं जादूने पुन्हा शाळकरी होतात ते विनोदी सिनेमे म्हणजे अमेरिकेने 1980 च्या दशकात काढलेलं खूळ. सगळे एकमेकांची नक्कल. आपल्या संस्कृतीत असली गोष्ट बसतच नाही. शिकवण काय, तर जबाबदारी झटका आणि मजा मारा. आणि नटांना काम काय, तर नुसते माकडचाळे. खाली हात जोडलेले.

आमच्या ग्रुपवर तो टाकला दादांनी. दादा मंडळातले ज्येष्ठ. त्यांना तिथेच उत्तर दिलं असतं तर तालमीत महिनाभर तोंड लपवावं लागलं असतं, म्हणून इथे लिहितो.

आधी ते 1980. एफ. अँस्टी या इंग्रज लेखकाची ‘व्हाइस व्हर्सा’ ही कादंबरी 1882 सालची. लंडनमधला एक सुखवस्तू व्यापारी बाप सुट्टी संपवून होस्टेलला निघालेल्या रडवेल्या मुलाला भाषण देतो, की शाळेचे दिवस म्हणजे आयुष्यातले सगळ्यात सुखाचे, मला पुन्हा तुझ्याएवढं होता आलं तर काय हवं होतं! बोलताना त्याच्या हातात एक मंतरलेला दगड असतो. झालं, बाप पोरगा होतो आणि त्याची रवानगी थेट त्या शाळेत. तिथे त्याचे जे हाल होतात ते वाचताना हसूही येतं आणि बापाची कीवही. यावर पीटर उस्तिनोव्हने 1948 मध्ये सिनेमा केला. 1952 मध्ये हॉवर्ड हॉक्सच्या ‘मंकी बिझनेस’मध्ये प्रयोगशाळेतलं माकड औषधांची सरमिसळ करून पिण्याच्या पाण्यात ओततं, आणि ते पाणी पिऊन कॅरी ग्रँटचा चष्मेवाला शास्त्रज्ञ कॉलेजातल्या पोरासारखा गाडी उडवत सुटतो. मेसेजवाल्याचं खूळ जवळजवळ शंभर वर्षं आधीचं निघालं.

एक मात्र कबूल. ऑक्टोबर 1987 ते जून 1988 या नऊ महिन्यांत हॉलिवूडने खरंच कहर केला होता. ‘लाइक फादर लाइक सन’मध्ये बाप-लेक, ‘व्हाइस व्हर्सा’च्या नव्या अवतारात पुन्हा बाप-लेक, ‘एटीन अगेन’मध्ये आजोबा-नातू (आजोबा जॉर्ज बर्न्स, तेव्हा खरोखर 92 वर्षांचे), आणि उलट्या बाजूने ‘बिग’, ज्यात पोरगाच मोठा होतो. त्या वर्षी तिकीट काढणारा वैतागला असेल तर त्याला माफ. पण एका वर्षाचं अजीर्ण झालं म्हणून अख्ख्या प्रकाराला नावं ठेवायची, तर मग चतुर्थीत नेवऱ्या (ओल्या नारळाच्या करंज्या) जास्त झाल्या म्हणून नारळच वाईट म्हणायला हवा.

संस्कृतीचा मुद्दा तर पटकन संपतो. अँस्टीच्या त्या दगडाचं नाव ‘गरुड दगड’, आणि कथेत तो येतो हिंदुस्थानातून. इंग्रजालाही असली जादू कुठे मिळेल ते ठाऊक होतं! शिवाय ययाती कोणाचा? शुक्राचार्यांच्या शापाने म्हातारा झालेला राजा मुलांकडे तारुण्य मागतो, पुरू ते देतो, आणि हजार वर्षं भोगूनही राजाची तहान भागत नाही. खांडेकरांमुळे हे नाव मराठी घराघरात आहे. ती काही विनोदी गोष्ट नव्हे, मान्य. पण च्यवन ऋषींची आहे की! अश्विनीकुमार म्हाताऱ्या च्यवनाला घेऊन पाण्यात उतरतात आणि बाहेर येतात तिघे, एकसारखे तरुण, एकसारखे देखणे. सुकन्येने आता आपला नवरा ओळखायचा. याहून चांगला विनोदी प्रसंग कोणता लेखक लिहिणार आहे? महाभारतातली गोष्ट आहे ही, आणि च्यवनप्राशाचा डबा दादांच्या फडताळात मी स्वतः पाहिलेला आहे.

आता शिकवण. मेसेज इथे सगळ्यात जास्त घसरलाय, म्हणून इथे थोडं थांबतो.

‘सेव्हन्टीन अगेन’ हा 2009 चा सिनेमा घ्या. माइकने सतराव्या वर्षी बास्केटबॉलची मॅच अर्ध्यावर सोडलेली असते, कारण प्रेयसीला दिवस गेलेत. वीस वर्षांनी संसार मोडायला आलाय, मुलं बोलत नाहीत, आणि तो स्वतःला समजावत बसलाय की त्या दिवशी मैदान सोडलं तिथे सगळं चुकलं. मग एक सफाई कामगार त्याला पुन्हा सतरा वर्षांचा करतो. आता मेसेजप्रमाणे याने मजा मारायला हवी. हा काय करतो? स्वतःच्या मुलाच्या वर्गात जाऊन बसतो, मुलाला छळणाऱ्या दांडगटाची भर कँटीनमध्ये जिरवतो, आणि लैंगिक शिक्षणाच्या तासाला कंडोम वाटले जात असताना उभा राहून प्रेम आणि तान्ह्या बाळाबद्दल असं काही बोलतो की वर्गातल्या मुली हातातली पाकिटं परत करतात. देखणा झॅक एफ्रॉन, आणि तोंडात एका बापाचं भाषण. विनोद नेमका इथे आहे. अंग सतराचं झालं, माणूस सदतिसाचाच राहिला.

घटस्फोटाच्या सुनावणीत हा पोरगा येऊन सांगतो की नवऱ्याचं पत्र आणलंय, आणि ते वाचून दाखवतो. बायकोला पहिल्यांदा कधी पाहिलं, ती कशी दिसत होती, सगळं. तो गेल्यावर ती तो कागद उचलते. त्यावर कोर्टाकडे कसं यायचं एवढंच लिहिलेलं असतं. जबाबदारी झटकायला शिकवणारा सिनेमा हा सीन कशाला लिहील?

दुसरं उदाहरण कोरियाचं. ‘मिस ग्रॅनी’, 2014. दिग्दर्शक ह्वांग डोंग-ह्युक, ज्याने पुढे ‘स्क्विड गेम’ केलं. 74 वर्षांची तोंडाळ आजी एका फोटो स्टुडिओत जाते आणि विशीची होऊन बाहेर येते. गाते, नटते, सगळं करते. पण नातवाला अपघात होतो, त्याला तिचंच रक्त चालणार, आणि रक्त दिलं की पुन्हा म्हातारपण. तिला ओळखलेला तिचा मुलगा म्हणतो, तू जा, तुझं आयुष्य जग. ती जात नाही. याच गोष्टीवर चीन, व्हिएतनाम, जपान, थायलंड, इंडोनेशियात सिनेमे झाले. आपल्याकडे तेलुगूत 2019 मध्ये अभिनेत्री समंथाचा ‘ओ बेबी’. आजीने घेतलेला तो निर्णय एवढ्या देशांत कळला, फक्त मेसेजवाल्याला कळला नाही. ययातीने मुलाचं तारुण्य घेतलं होतं. ही नातवासाठी स्वतःचं देऊन टाकते.

या सिनेमांत खरोखर खटकावं असं आहे, पण मेसेजला ते दिसलेलं नाही. ‘सेव्हन्टीन अगेन’मध्ये न ओळखता मुलगी बापावरच भाळते. प्रसंग हसवून पुढे नेलाय, तरी मला तिथे खुर्चीत नीट बसवत नाही. या मुद्द्यावर कोणी भांडायला आलं तर मी त्याच्या बाजूने.

राहिले माकडचाळे. ‘फ्रीकी फ्रायडे’त आई आणि मुलगी एकमेकींच्या अंगात शिरतात. 1976 च्या सिनेमासाठी जोडी फॉस्टर आणि बार्बरा हॅरिस दोघींना गोल्डन ग्लोबची नामांकनं होती, 2003 च्या अवतारासाठी जेमी ली कर्टिसला. ‘बिग’च्या वेळी दिग्दर्शिका पेनी मार्शल मोठ्या माणसाचे प्रसंग आधी बालकलाकाराकडून करून घ्यायची, म्हणजे टॉम हँक्सला त्याची चाल, त्याचं अडखळणं पाहता यावं. त्याच भूमिकेने हँक्सला पहिलं ऑस्कर नामांकन मिळालं.

पण हे दादांना हॉलिवूडकडून कशाला सांगायचं? आमचा गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यातला. जत्रेला देवळाच्या मांडवात मराठी नाटक झाल्याशिवाय जत्रा पुरी होत नाही, आणि गेली कित्येक वर्षं आमच्याकडे कॉलेजकुमार रंगवतात ते दादाच. वय 57. नाटकाच्या दुपारी मिशा उतरवतात, केसांना काळं लावतात, प्रेशरची गोळी घेतात आणि पहिल्या अंकात वही फिरवत शीळ घालत येतात. विंगेत सगळं कोंकणीत चाललेलं, रंगमंचावर पाय पडला की शुद्ध पुस्तकी मराठी. दादांची एक मात्रा कधी हलत नाही.

यंदा हलली. दुसऱ्या अंकात नायकाचा मित्र, जो दादांचा खराखुरा धाकटा मुलगा, रागारागाने मोटारसायकलवरून निघून जातो. दादांनी ओरडायचं होतं, ‘जा! पुन्हा तोंड दाखवू नकोस!’ दादा दोन पावलं पुढे आले, हात वर केला, आणि तोंडातून निघालं, ‘सवकास वच रे (सावकाश जा रे), हेल्मेट घाल!’

मांडव हसून पडला. शेवटच्या रांगेत खाजं विकणारीसुद्धा उभी राहून हसत होती. अंक संपल्यावर दादा आरशासमोर बसून तोंडावरचा रंग पुसत होते. मला पाहून एवढंच विचारलं, ‘आवाज फाटीं मेरेन पावलो मरे?’ (आवाज मागपर्यंत पोचला ना रे?)