रोज पाचशेच माणसं

पेरूहून परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो. माचू पिचूला ट्रेन जाते ना, मग चालत कशाला गेलीस? सासूबाईंनी तर निघायच्या आधीच निकाल लावला होता, "एवढे पैसे घालून दगडच बघायचेत, तर साल्हेर काय वाईट आहे?"

साल्हेर अजिबात वाईट नाही. आम्ही नाशिककर, गडांची आम्हाला वानवा नाही आणि माझे निम्मे रविवार त्यांच्यावरच गेलेत. पण कॉलेजात असताना रद्दीवाल्याकडच्या एका जुन्या इंग्रजी मासिकात तो फोटो पाहिला होता, ढगांच्या वर उभी माचू पिचूची बिनछपराची घरं, आणि इथे जायचं तर चालतच, हे तेव्हाच डोक्यात बसलं. मग नोकरी, लग्न, मुलीचं शिक्षण, घराचे हप्ते. आता पंचावन्न ओलांडल्यावर पीएफला हात घातला. नवऱ्याच्या गुडघ्यांनी आधीच राजीनामा दिला होता, म्हणून एका जुन्या ट्रेकवाल्या मैत्रिणीला पटवलं आणि गेले.

स्वप्नपूर्तीचे फोटो टाकून झालेत, तुम्ही बदाम देऊन झालेत. आता जे लिहायचंय ते वेगळं आहे आणि काहींना ते आवडणार नाही.

माचू पिचूला चालत नेणारी वाट म्हणजे इंका ट्रेल, अँडीजमध्ये राज्य केलेल्या इंका लोकांनी बांधलेली. तिच्यावर दिवसाला 500 माणसं सोडतात. त्यात गाईड, पोर्टर, आचारी सगळे आले. म्हणजे आपल्यासारखे हौशी साधारण 200. एकट्यानं पाठपिशवी टाकून निघायची सोय 2001 पासून बंद आहे, मान्यताप्राप्त संस्थेबरोबरच जायचं. परवाना पासपोर्टच्या नंबरावर निघतो. तारीख बदलून मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावर होत नाही. मोसमाच्या तारखा पाच-सहा महिने आधी संपतात. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी भयंकर वैतागले होते. इतकी वर्षं स्वप्न बघितलं मी, आणि तारीख ठरवणार राजधानी लिमातलं नाहीतर ट्रेलजवळच्या कुस्को शहरातलं सरकार? आपल्याला सवय कसली, तर शुक्रवारी रात्री ग्रुपवर मेसेज, शनिवारी पहाटे गाडी, सात वाजता पायथ्याला पोहे.

तिथे पहिली गंमत किलोमीटर 82 वर. रेल्वेमार्गावरच्या अंतराच्या खुणेवरून त्या जागेला हेच नाव पडलंय. उरुबांबा नदी, तिच्यावर झुलता पूल, अलीकडे चौकी. चौकीत आमचे पासपोर्ट तपासले आणि शिक्का मारला, ते ठीक. बाजूला एक वजनकाटा होता. एकेक पोर्टर पुढे येऊन आपलं बोचकं काट्याला लावत होता आणि वनखात्याच्या माणसासारखा दिसणारा एक कर्मचारी आकडा लिहून घेत होता. कायद्यानं पुरुष पोर्टरला वीस किलोच्या वर ओझं द्यायचं नाही, आणि त्यात त्याचं स्वतःचं सामानही धरलेलं. एकाचं वजन थोडं जास्त भरलं. आमच्या गाईडनं कुरकुर न करता त्याच्या बोचक्यातून बटाट्यांची पिशवी काढली आणि हलकं बोचकं असलेल्या दुसऱ्याकडे दिली. पुन्हा काटा, पुन्हा आकडा, मग जा. हा नियम यायच्या आधी याच वाटेवर माणसांवर याच्या दुप्पट ओझी लादली जायची. मी तो काटा बघत उभी राहिले. आपल्याकडे हिमालयात खेचरांच्या पाठीवर काय काय चढवतात ते डोळ्यांसमोर आलं.

पुढचे चार दिवस साधारण 43 किलोमीटर. ऐकायला काहीच नाही. पण दुसऱ्या दिवशी जवळजवळ 3,000 मीटरवरून 4,215 मीटरच्या वार्मीवान्युस्का खिंडीत चढायचं असतं. कळसूबाईचा माथा 1,646 मीटर. म्हणजे कळसूबाईच्या जवळजवळ दुप्पट उंचीवरून सुरुवात करायची आणि बारी गावातून कळसूबाईला चढतो त्याहून जास्त चढायचं. त्या उंचीला पाय दुखत नाहीत हो, दम पुरत नाही. वीस पायऱ्या, थांबा, श्वास. वीसच्या पंधरा झाल्या, पंधराच्या दहा. गाईडनं कोकाची पानं दिली होती, गालात धरून चघळायची. त्यांनी मला काही झालं असं वाटलं नाही, पण तोंडाला काम मिळालं.

आणि त्याच चढावर मागून हाक यायची, "पोर्टर!" की सगळ्यांनी डोंगराच्या बाजूला अंग चोरून उभं राहायचं. दरीच्या बाजूला कधीच नाही, बोचक्याचा धक्का लागून माणूस खाली जाऊ शकतो. मग ते जवळून सुसाट जायचे. गॅसचं सिलेंडर, दुमडलेली टेबलं, तंबूचे खांब. काहींच्या पायात टायरच्या चपला. आपण दोन घोट पाण्यासाठी मरतोय आणि हा माणूस टायरच्या चपलांवर आपलं जेवण घेऊन वर पळतोय. तिथे चढणाऱ्यांनी टाळ्या वाजवायची पद्धत आहे. मी वाजवल्या, पण मनात आलं, काट्यावर उतरवलेलं ओझं टाळ्यांपेक्षा कामाचं.

जेवणाबद्दल जरा लिहितेच. दुसऱ्या संध्याकाळी पुढ्यात आलं ते बटाटे, रताळी, शेंगदाणे घातलेला एक रस्सा, सकाळी कीविचाची खीर. कीविचा म्हणजे आपला राजगिराच, निदान सख्खा भाऊ. मैत्रीण म्हणाली, "अगं, हे तर एकादशीचं ताट आहे." आणि खरंच आहे की. बटाटा अँडीजमधला, शेंगदाणा आणि साबुदाण्याचा कंद दक्षिण अमेरिकेतले, मिरचीही तिकडचीच. पोर्तुगीज आले नसते तर आपण उपासाला नेमकं काय खाल्लं असतं कोण जाणे. त्या आचाऱ्याला गाईडमार्फत सांगायचा प्रयत्न केला की आमच्याकडे देवासाठी उपाशी राहायचं तर तुमचे बटाटे खातात. तो फार वेळ हसत होता. उपासाला खातात, हे काही त्याच्या गळी उतरलं नाही.

तिसरा दिवस मात्र शब्दशः चालतच राहावासा वाटतो. दगडी फरसबंद वाट, एका बाजूला ढगाळ रान, ऑर्किडं, मधेच कातळ पोखरून काढलेला बोगदा. ही वाट म्हणजे इंकांच्या रस्त्यांच्या जाळ्याचा एक धागा. कापाक न्यान म्हणतात त्याला, तीस हजार किलोमीटरच्या वर, आजच्या सहा देशांमधून जाणारं, आणि 2014 पासून जागतिक वारसा. चाकाची गाडी नाही, घोडा नाही, लोखंड नाही. माणूस आणि लामा, बास. रस्ता पायांसाठीच केलाय हे पायांना लगेच कळतं. ट्रेनवाल्यांना मी हेच सांगते, की माचू पिचू हे त्या रस्त्याचं एक टोक आहे. वाटेत रुंकुराकाय, सायाकमार्का, फुयुपातामार्का, विन्याय वायना असे अवशेष लागतात. त्यातल्या विन्याय वायनाच्या उतरत्या शेतपायऱ्यांवर आम्ही तासभर बसलो, आणि तिथे आमच्याखेरीज जेमतेम दहा-बारा माणसं असतील. एक वेफरचं पाकीट नाही. भिंतीवर कोरलेला एक बदाम-बाण नाही. कुणाच्या खांद्यावर स्पीकर नाही. दोनशेच सोडले की काय होतं, ते मला तिथे कळलं.

शेवटच्या दिवशी पहाटे तीनला उठवतात. सूर्योदयासाठी, असं आपल्याला वाटतं. खरं कारण असं की पोर्टरना तंबू आवरून पहाटेची गाडी पकडायची असते. आम्ही अंधारात चौकीपाशी रांगेत बसलो, साडेपाचला फाटक उघडलं, इंटी पुंकूला, म्हणजे सूर्यद्वाराला पोहोचलो, तर समोर पांढरंफटक. धुकं. आपल्या राजमाचीला जुलैत असतं तसंच. तासाभरानं खालून एकेक भिंत वर आली. रडले का? हो, रडले. पुढे.

खाली उतरल्यावर बसनं आलेली गर्दी भेटली. तिथेही मर्यादा आहे, पण ती दिवसाला 4,500, आणि काही तारखांना 5,600 पर्यंत. एकाच दिशेनं चालायचं, ठरलेल्या फेरीच्या वाटेवरून मागे फिरायचं नाही. त्यामुळे पेरूवाल्यांचं सगळं गोड चाललंय असं समजू नका. 2024 च्या जानेवारीत तिकीटविक्री खासगी कंपनीकडे गेली म्हणून स्थानिकांनी रेल्वेचे रूळ अडवले होते. 2000 साली एका बिअरच्या जाहिरातीच्या शूटिंगमध्ये क्रेन पडून इंटिवाताना नावाच्या त्यांच्या पवित्र शिळेचा कोपरा उडाला. पाचशे वर्षं भूकंपात टिकलेली शिळा!

वयानं हे ठिकाण फार जुनं नाही. पंधराव्या शतकातलं, इंका राजा पचाकुतीच्या काळातलं. तेव्हा आपल्याकडे बहमनी चालू होती, आणि अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यांना दीड हजार वर्षं होऊन गेली होती. पण बांधणी बघावी. खाण गावाच्या आतच. आपल्या गडांवर टाकी खोदून निघालेल्या दगडात तटबंदी उभी राहिली, तोच हिशेब. पाऊस वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणून शेतपायऱ्यांच्या पोटात आधी मोठे दगड, मग खडी, मग वाळू, मग माती. पाणी मुरतं आणि निघून जातं. म्हणून ते अजून डोंगराला धरून आहे.

आणि तो "शोध"! 24 जुलै 1911 ला येल विद्यापीठातल्या हायरम बिंगहॅम या अमेरिकी अध्यापकानं म्हणे हे हरवलेलं शहर शोधलं. त्याला वर नेणारा तिथलाच शेतकरी होता, वरच्या शेतपायऱ्यांवर दोन कुटुंबं मका पिकवून राहत होती, आणि अवशेष दाखवायला बिंगहॅमबरोबर एक लहान मुलगा दिला होता. वर तीन खिडक्यांच्या देवळावर कोळशानं लिहिलेलं नाव सापडलं, लिझारागा, 1902. म्हणजे कुस्को भागातला एक माणूस नऊ वर्षं आधी नाव लिहून गेला होता. मला लगेच अजिंठा आठवलं. तिथेही 1819 साली जॉन स्मिथ साहेबानं लेणी "शोधली" आणि दहाव्या लेण्यात चित्रावर आपलं नाव नि तारीख कोरली. नाव लिहायची खाज साहेबाला आणि आपल्याला सारखीच. बिंगहॅमनं नेलेल्या वस्तू पेरूला येल विद्यापीठाकडून परत मिळायला शंभर वर्षं लागली.

आता मुद्द्याचं. 11 जुलै 2025 ला आपले बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आमचा साल्हेरही त्यात आहे. पेढे वाटले, मीही वाटले. पण पुढे काय? लोहगडावर पावसाळी रविवारी माणसं वाटेतच अडकून पडतात. हरिहर यादीत नाही, पण त्याच्या कातळपायऱ्यांवर चढणारे आणि उतरणारे समोरासमोर थिजून उभे राहिलेले व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिलेत. एक पाय घसरला तर काय, हे मी लिहायला नको. माझं म्हणणं सरळ आहे. निवडक गडांवर रोजचा आकडा ठरवा. आधी नोंदणी. दरवर्षी काही दिवस गड डागडुजीसाठी बंद. इंका ट्रेल अख्खा फेब्रुवारी बंद असतो, जगाचं काही अडत नाही.

हे बोललं की आमच्या ट्रेकच्या ग्रुपवर दोन उत्तरं येतात. पहिलं, गड महाराजांचे आहेत, ते बघायला परवानगी कसली? अहो, महाराजांच्या काळात गडाचे दरवाजे सूर्यास्ताला बंद व्हायचे. शिस्तीचं त्यांना वावडं नव्हतं. दुसरं उत्तर जास्त खरं आहे आणि त्याला माझ्याकडे अर्धाच तोडगा आहे. परवाना आला की पैसा येतो, एजंट येतात, आणि मग ज्याच्या खिशात आहे तोच चढतो. इंका ट्रेल स्वस्त नाही. माझा पीएफ साक्षीला आहे. म्हणून मी फीबद्दल बोलत नाहीये, आकड्याबद्दल बोलतेय. नोंदणी फुकट ठेवा. पायथ्याच्या गावातल्या लोकांना, शाळेच्या सहलींना, राज्याभिषेकदिनाला, जत्रेला वेगळा नियम ठेवा. आणि चौकीवर पायथ्याच्या गावातली पोरं बसवा, पगारावर. हे काही परदेशातलं खूळ नाही. कास पठारावर फुलांच्या मोसमात रोजची मर्यादा आणि ऑनलाइन नोंदणी आहेच, आणि भोवतालच्या गावांतली माणसंच तिथे राबतात. फुलांना जे जमतं ते तटबंदीला का जमू नये?

ट्रेकिंगच्या धंद्यातल्या मित्रांना हे झोंबणार. एकेका रविवारी दोन-दोन बस भरून नेता रे तुम्ही. मीही बसलेय त्या बसमध्ये.

जे जाणार आहेत त्यांच्यासाठी: मे ते सप्टेंबर कोरडा मोसम. कुस्को 3,400 मीटरवर आहे, तिथे दोन-तीन दिवस नुसते लोळा, पहिल्या दिवशी हिंडू नका. काठ्यांना रबरी टोपणं लागतात, उघड्या लोखंडी टोकाच्या काठ्या ट्रेलवर चालत नाहीत. संस्था निवडताना पोर्टरना पगार किती, तंबू-जेवण कसलं, हे आधी विचारा, उत्तर द्यायला जो चाचरतो त्याला सोडा. आणि शेवटच्या रात्रीच्या टीपसाठी सोलच्या, म्हणजे पेरूच्या चलनाच्या, सुट्या नोटा कुस्कोतच करून घ्या, वर एटीएम नाही, आणि द्यायची ती प्रत्येकाच्या हातात द्या.