‘वजन उचलायला कसलं ट्रेनिंग?’ या मेसेजला उत्तर

इंदूरच्या मराठी ग्रुपांवर, विशेषतः पीथमपूरच्या कारखान्यांत नोकरीला जाणाऱ्यांच्या, एक मेसेज जोरात फिरतो आहे. त्याचे सार असे: ‘वजन उचलायला कसलं ट्रेनिंग? सियागंजचे हम्माल कुठल्या कोर्सला गेले होते? एक व्हिडिओ दाखवा, कमरेला पट्टा द्या, झालं. ट्रेनिंगने फरक पडत नाही हे परदेशी संशोधनानेच सिद्ध केलंय, आणि कायदाही काही मागत नाही.’ यातली एक गोष्ट बरीचशी खरी आहे. बाकीच्या नाहीत.

हम्मालांचे उदाहरण तर मेसेजच्याच विरुद्ध जाते. सियागंजच्या घाऊक बाजारात किंवा छावणीच्या धान्य मंडीत थोडा वेळ उभे राहून बघा. भारी पोते जमिनीवरून एकट्याने उचलायचे काम शहाणा हम्माल टाळतो. दोघे जण ते वर घेतात आणि तिसऱ्याच्या पाठीवर लावून देतात. तो आधीच वाकून, पाय रोवून उभा असतो. ओझे पाठीला चिकटलेले, फळीवर पावले आखूड. उतरवायचेही होता होईल तो थप्पीच्याच उंचीवर, म्हणजे पुन्हा खालून उचलायला नको. हे उपजत येत नाही. नवा मुलगा आधी नुसता हात लावतो, जुन्यांच्या शिव्या खातो, मग पाठ देतो. खऱ्या मालावर, उस्तादाच्या नजरेखाली झालेले हे ट्रेनिंगच. फक्त सर्टिफिकेट मिळत नाही. शिवाय मंडीत दिसतात ते टिकलेले. ज्यांची कंबर गेली ते घरी बसले आहेत, आणि मेसेज लिहिणारा त्यांना मोजायला गेलेला नाही.

आता व्हिडिओ. ‘गुडघे वाकवा, पाठ ताठ ठेवा’ हे एव्हाना सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि अडचण तिथेच आहे. खोका रुंद असला की तो दोन गुडघ्यांत मावत नाही. गुडघे वाकवले की उलट आणखी पुढे जातो. आणि कमरेवरचा ताण वजनाइतकाच अंतराने वाढतो. किती वजन उचलणे सुरक्षित हे काढण्याचे, अमेरिकेच्या ‘नायोश’ या कामगार-सुरक्षेच्या सरकारी संस्थेचे १९९१ मध्ये सुधारलेले सूत्र सगळे अनुकूल असतानाही २३ किलोपासूनच सुरू होते, आणि तेही ओझे घोट्यांपासून २५ सेंटिमीटरच्या आत असेल तर. हात ५० सेंटिमीटरवर गेले की मर्यादा साडेअकरा किलो, ६३ वर जेमतेम नऊ. कंबर वळवली, पकड वाईट असली, मिनिटाला फेरे वाढले, की आणखी वजावट. हे आकडे पडद्यावर वाचून कोणाचे हात बदलत नाहीत. खोका कोपऱ्यावर तिरका करून आधी अंगाशी ओढायचा, वळताना कंबर नाही तर पाऊल फिरवायचे, ही सवय खोका हातात घेऊनच लागते. २०० लिटरचा भरलेला ड्रम तर उचलायचाच नसतो. तो कलता करून तळाच्या कडेवर फिरवत नेतात. त्याचा तोल कुठे सापडतो ते हातांनाच कळते. आणि तो सुटू लागला की सावरायला न जाता बाजूला व्हायचे, हे तर स्वभावाच्या उलट. सराव नसेल तर माणूस हमखास हात घालतो.

पट्ट्याबद्दल दोन वाक्ये पुरेत. दुखापत न झालेल्या कामगाराला पट्ट्याने संरक्षण मिळते असा पुरावा नाही, हे ‘नायोश’ने १९९४ मध्येच सांगितले. पुढे २००० साली अमेरिकी दुकानांतल्या कामगारांवरच्या मोठ्या अभ्यासातही फायदा आढळला नाही.

राहिले संशोधन. हीच ती खरी गोष्ट. ‘कॉक्रेन’ ही संस्था वैद्यकीय अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०११ च्या आढाव्यात, वजन हाताळण्याच्या सल्ल्याने किंवा प्रशिक्षणाने कंबरदुखी टळते असे दिसले नाही. हे लपवायचे कारण नाही. पण त्यात तपासली गेली ती कंबरदुखी. चेंगरलेली बोटे आणि पायावर पडलेला माल हा प्रश्नच वेगळा. दुसरे, ५० किलोच्या गोण्या दिवसभर उचलायच्याच असतील तर कितीही शिकवा, कंबर जाणारच. म्हणून ब्रिटनच्या १९९२ च्या नियमांत क्रम ठरलेला आहे: धोक्याचे उचलणे शक्य तिथे टाळा, टळत नसेल तर धोका तपासा आणि कमी करा. माझ्या मते प्रत्यक्ष जागेवरच्या ट्रेनिंगचा खरा उपयोग इथे होतो. शिकवणारा गोदामात उतरला की दिसते, रॅकचा तळकप्पा फार खाली आहे, ट्रॉलीचे चाक अडते, दोघांच्या कामावर एकच माणूस ठेवलाय. हॉलमध्ये चहा-समोसा देऊन दाखवलेल्या व्हिडिओत यातले काही दिसत नाही. (फोटो मात्र छान येतात.)

‘कायदा मागत नाही’ हेही चूक. इजा होईल इतके वजन कामगाराला उचलायला लावू नये, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम ३४ मध्येच लिहिले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९६७ च्या १२७ क्रमांकाच्या करारात तर, हलके नसलेले ओझे वाहण्याचे काम देण्याआधी कामगाराला योग्य प्रशिक्षण द्यावे असे स्पष्ट म्हटले आहे, आणि भारताने तो २०१० मध्ये स्वीकारला. काम देण्याआधी, म्हणजे ठेकेदाराने सकाळी आणून दुपारी ट्रकवर चढवलेल्या मुलालाही, चढवण्याआधी.