लळिंग हे धुळ्याचे फक्त पिकनिकचे ठिकाण नाही

धुळे शहराचा इतिहास सांगायची वेळ आली की आपण धुळेकर थेट १८१८ सालापासून सुरुवात करतो. पेशवाई संपली, खानदेश इंग्रजांच्या ताब्यात गेला, कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला जिल्ह्याचे ठाणे केले आणि पांझरेच्या काठी सरळ रेषेतल्या गल्ल्यांचे गाव उभे राहिले, असे आपण मुलांना सांगतो. ते खोटे नाही, परंतु ती गोष्ट मधूनच सुरू केलेली आहे. तिचा आरंभ शहराच्या दक्षिणेला, मुंबई-आग्रा महामार्गावर, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या लळिंग गावात आहे, आणि आज शहर हातपाय पसरत त्याच गावाच्या दिशेने निघालेले असताना हा आरंभ विसरून चालणार नाही, असे मला मनापासून वाटते.

लळिंगचा किल्ला खानदेशचे सुलतान असलेल्या फारुकींच्या काळात खानदेशच्या सत्तेचे मोठे ठिकाण होता. मलिक राजाला १३७० मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाकडून थाळनेरचा मुलूख मिळाला आणि तेथून फारुकी घराणे उभे राहिले. १३९९ मध्ये तो वारला, तेव्हा थाळनेर धाकट्या मुलाकडे आणि लळिंग थोरल्या नासिरकडे आले. याच नासिरखानाने पुढे असीरगड घेतला आणि बुऱ्हाणपूर वसवले, म्हणजे बुऱ्हाणपूरसारखी राजधानी वसवणारा माणूस आपल्या या डोंगरावरून निघाला होता. त्याचा शेवटही येथेच झाला. बहमनी फौजेने रोहिणखेडला त्याचा पराभव केला, बुऱ्हाणपूर लुटले आणि तो लळिंगच्या आश्रयाला आला. १४३७ मध्ये येथेच त्याने प्राण सोडला. ज्या बुरुजापाशी आज आपली मुले सेल्फी काढतात, त्या जागेचे हे वजन आहे.

त्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत धुळे हे लळिंगच्या हाताखालचे एक लहानसे खेडे होते. १८०३ च्या भीषण दुष्काळात आणि होळकरी फौजेच्या धामधुमीत ते पूर्ण ओस पडले. एकही घर नांदते राहिले नाही. पेशव्यांचे सरदार विंचूरकर यांच्याकडे लळिंग आणि सोनगीर हे परगणे होते. त्यांच्या पदरच्या बाळाजी बळवंत यांनी पुढच्याच वर्षी माणसे गोळा करून गाव पुन्हा वसवले, इनाम जमीन मिळवली आणि दोन्ही परगण्यांचा कारभार धुळ्यातून सुरू केला. ब्रिग्जच्या सुमारे चौदा वर्षे आधी धुळ्याला ठाण्याचे रूप देणारे हे गृहस्थ आहेत, आणि त्यांची आठवण शहरात फारशी कोणी काढत नाही, याची मला खंत वाटते. ब्रिग्जचे श्रेय मी नाकारत नाही. त्याने घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला उचल दिली, लांबून कारागीर आणवले. १८१९ मध्ये ४०१ घरे आणि २,५०९ माणसे असलेले हे गाव १८७२ पर्यंत बारा हजारांच्या पुढे गेले. मात्र ज्या गावाला त्याने हात दिला, ते एकदा मरून पुन्हा जगलेले गाव होते.

ठाण्याचा मान डोंगरावरून खाली धुळ्यात का आला, याचे उत्तर मला पाण्यात दिसते. किल्ल्यावरची वस्ती साठवलेल्या पाण्यावर जगते. लळिंगच्या चढावर आणि माथ्यावर खडकात कोरलेली टाकी आहेत. पावसाळ्याचे पाणी वर्षभर पुरवायचे या एकाच हिशेबाने ती खोदलेली आहेत. खाली पांझरेच्या काठी मात्र वाहत्या पाण्याचे राज्य होते. नदीवर ठिकठिकाणी बंधारे, त्यातून निघालेले पाट आणि पाटाखालच्या जमिनीचे फड पाडून सगळ्यांनी मिळून पाणी वाटून घेण्याची फड पद्धत, ही खानदेशची मोठी कमाई आहे. ब्रिग्जने धुळ्याचे वर्णन केले तेच मुळी पाट आणि नदी यांच्यामध्ये बसलेले, बागायतीने वेढलेले लहान गाव असे. पुढे १८८४ च्या सुमारास तरुण विश्वेश्वरय्या सरकारी अभियंता म्हणून या भागात आले आणि नोकरीच्या अगदी आरंभीच पांझरेच्या पात्रातून पाण्याचा नळ पलीकडे नेण्याचे अवघड काम त्यांनी पुरे केले. आज परिस्थिती काय आहे, ते प्रत्येक धुळेकराला ठाऊक आहे. पांझरा वर्षातले कितीतरी महिने कोरडी असते, शहरासाठी तापीवरून आणि अक्कलपाडा धरणातून पाणी आणावे लागते, आणि तरीही नळाला पाणी कधी येणार याची घरोघरी वाट पाहिली जाते. वाहत्या पाण्याच्या भरवशावर वाढलेल्या शहराला साठवलेल्या पाण्याची किंमत आता कळायला हवी, आणि ती कळण्यासाठी लळिंगच्या टाक्यांसारखा दुसरा धडा जवळपास नाही. पावसाळा संपल्यावर किल्ल्यावर जाऊन पाहा. वाळलेल्या गवताची कुसळे पँटला गुडघ्यापर्यंत टोचत असतात, सगळा डोंगर पिवळा पडलेला असतो, आणि अशा उघड्या खडकाच्या पोटात गार, हिरवट पाणी शांत उभे असते; कडेला प्लास्टिकच्या बाटल्या आणि वेफर्सची पाकिटेही तरंगत असतात, हे सांगताना मला लाज वाटते.

लळिंगची थोरवी केवळ किल्ल्यात नाही. पायथ्याच्या गावात जुने हेमाडपंती महादेव मंदिर आहे, वर ललितामातेचे ठाणे आहे, आणि शेजारच्या कुरणात लांडोर बंगला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ३१ जुलै १९३७ रोजी न्यायालयीन कामासाठी धुळ्यात आले, तेव्हा ते या बंगल्यात थांबले होते. दरवर्षी ३१ जुलैला या ठिकाणी हजारो माणसे येतात. ऐन पावसात, चिखल तुडवत, कडेवर लेकरू आणि हातात निळा झेंडा घेऊन चालणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. खेड्यापाड्यांतून भाकरी बांधून आलेली ही माणसे बंगल्यासमोर डोके टेकवतात, गाणी म्हणतात, कुरणात पंगती बसतात. शहरातले कितीतरी लोक त्याच आठवड्यात धबधबा पाहायला त्याच रस्त्याने जातात आणि ही गर्दी कशाची, हे विचारतही नाहीत. एकाच डोंगराच्या कुशीत दोन गर्द्या एकमेकींना अनोळखी राहाव्यात, हे चांगल्या शहराचे लक्षण नव्हे.

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात घरोघरी कानबाई देवी बसते, तेव्हा पायथ्याच्या गावांतला आणि शहराच्या नव्या वसाहतींतला फरक मला सर्वांत जास्त जाणवतो. गावात भाऊबंदकीची घरे एकत्र येतात. घरातल्या माणसांच्या हिशेबाने सव्वा मापाचे गहू काढून त्याचे रोट होतात, नारळाला नथ-डोळे लावून देवीचे मुख सजते, रात्रभर अहिराणी गाणी आणि फुगड्या चालतात आणि सोमवारी गल्लीगल्लीतून डोक्यावर कानबाई घेऊन बायका विसर्जनाला निघतात. नोकरीसाठी पुण्या-सुरतेला गेलेला मुलगा दिवाळीला एखादे वेळी येणार नाही, पण रोटाला येतो. महामार्गालगतच्या प्लॉटांवर राहायला आलेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनीही कानबाई आणली आहे, परंतु ती चार भिंतींच्या आत, आपापल्या दाराआड. शेजारच्या गावाच्या मिरवणुकीत सामील होणे आमच्या मनातच येत नाही, कारण ते गाव आपले शेजारी आहे असे आम्ही मानलेलेच नाही.

अवधानची औद्योगिक वसाहत, महामार्गाचे रुंदीकरण, टोलनाका, ढाबे, दोन्ही बाजूंनी पडणारे प्लॉट, यांमुळे धुळे आणि लळिंग यांच्यातले अंतर वर्षागणिक कमी होत आहे. वाढ थांबवा असे मी म्हणत नाही. जागेची गरज खरी आहे आणि पायथ्याच्या गावांतल्या तरुणांनाही काम हवे आहे. माझा आग्रह असा आहे की या बाजूची आखणी करताना डोंगराचा उतार, कुरण आणि ओढ्यांचे मार्ग आधी नकाशावर राखून ठेवावेत आणि मग उरलेल्या जमिनीवर बांधकामाचा विचार करावा. कुरणातले गवत हे गावच्या गुरांचे अन्न आहे, आणि उतारावरून येणारे पाणी अडवले-जिरवले तर पायथ्याच्या विहिरींना त्याचा फायदा होतो. तेथे मुरूम उकरून सपाटीकरण केले, तर हे दोन्ही एकदाच जाईल आणि नंतर कितीही निधी आणला तरी परत येणार नाही. टाक्यांतला गाळ काढण्याचे काम संबंधित खात्याच्या परवानगीने, जाणकारांच्या देखरेखीखाली व्हावे, हौसेने फावडी घेऊन कोणी जाऊ नये. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी गर्दीचे नियमन आणि वाहनतळाचे पैसे ग्रामपंचायतीकडे जावेत, म्हणजे कचरा उचलण्याचा भार तरी गावावर फुकट पडणार नाही. आणि ३१ जुलैला येणाऱ्या माणसांसाठी पिण्याचे पाणी, निवारा आणि स्वच्छतागृहे यांची सोय दरवर्षी ऐनवेळी न करता कायमची करून ठेवावी.

आमच्या वसाहतीपुरते आम्ही काही घरांनी असे ठरवले आहे की येत्या श्रावणात कानबाईच्या विसर्जनाला पायथ्याच्या गावातल्या बायकांबरोबर निघायचे, आणि त्याआधी तेथील वडीलधाऱ्यांकडे रीतसर जाऊन विचारायचे. ज्यांना यायचे आहे त्यांनी कळवावे.