स्वालबार्डला व्हिसा लागत नाही? अर्धंच खरं

‘भारतीयांना स्वालबार्डला व्हिसा लागत नाही’ हा मेसेज पुन्हा फिरतोय. उत्तर ध्रुवाजवळच्या, नॉर्वेच्या ताब्यातल्या या बेटांवर व्हिसा विचारत नाहीत, हे खरंय. पण विमान ओस्लो किंवा ट्रॉम्सोहून सुटतं, म्हणजे आधी नॉर्वेच्या मुख्य भूमीवर उतरणं आलंच. त्यासाठी शेंगेन (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच) व्हिसा हवा, तोही दोनदा प्रवेशाचा. स्वालबार्ड शेंगेनबाहेर आहे, त्यामुळे परतताना पुन्हा नव्याने प्रवेश मोजला जातो. एकदाच प्रवेशाचा घेतलात तर जाताना ठीक, येताना पंचाईत.

मेसेजमधल्या फोटोतला किनाऱ्याजवळचा लोखंडी मनोरा ‘जुनं दीपगृह’ही नाही. स्वालबार्डमधल्या न्यू-ओलसुंड गावचा तो खांब १९२६ साली ध्रुवीय संशोधक आमुंडसेनच्या मोहिमेतलं ‘नॉर्गे’ हे वायूने भरलेलं फुग्यासारखं हवाई जहाज (एअरशिप) बांधून ठेवायला उभारला होता. आपलं ‘हिमाद्री’ हे भारताचं आर्क्टिक संशोधन केंद्र त्याच गावात आहे, हे मात्र मेसेजवाल्यांना सुचलं नाही!