टीव्हीसाठी दोन वाटा ठेवा: एक तारेची, एक आभाळाची

केबल ठेवू, डीटीएच घेऊ की सगळं काढून वायफायवर जाऊ, असं विचारलं की समोरचा आपल्या घरी जे आहे तेच चांगलं म्हणतो. माझं मत आधीच सांगते. घरात बरं ब्रॉडबँड असेल तर दरमहा पैसे फक्त त्याचे भरा आणि गच्चीवर दूरदर्शनची फ्री डिश, म्हणजे महिन्याचं बिल नसलेली छत्री, बसवा. बहुतेक घरांना एवढं पुरतं. कोणत्या घरांनी केबल काढू नये तेही पुढे लिहिलंय, कारण अशी घरं खरंच आहेत आणि त्यांना उगाच वायफायवर ढकललं जातंय.

फ्री डिशचा आग्रह पैशांसाठी आहेच, पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. केबल आणि इंटरनेट बऱ्याच गल्ल्यांत एकाच खांबावरून येतं, कित्येकदा एकाच माणसाकडून. गटाराचं काम निघालं, जेसीबीचा दात लागला की दोन्ही एकदम जातात. म्हणून दुसरी सोय त्याच खांबावरची नको. ती आभाळातून यायला हवी.

ॲन्टेनाचा विषय दोन ओळींत संपवू. अमेरिकेतल्या नातेवाइकांचं ऐकून इथे ॲन्टेना विकत घेऊ नका. तिथे स्थानिक वाहिन्या हवेतून फुकट आणि एचडीत मिळतात, त्यामुळे न्यू जर्सीतल्या घरासाठी तो सल्ला बरोबर आहे. आपल्याकडे सिंहगडावरच्या मनोऱ्यावरून पुण्याला १९७३ पासून मुंबई दूरदर्शन दिसायचं, ते दिवस गेले. दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० ट्रान्समीटर वगळून बाकीची ॲनालॉग प्रक्षेपणं मार्च २०२२ पर्यंत बंद करायचं ठरवलं. डिजिटल प्रक्षेपण २०१६ मध्ये मुंबई आणि औरंगाबादसह १६ शहरांत सुरू झालं, पण त्यावर दूरदर्शनच्याच मोजक्या वाहिन्या. त्या फ्री डिशवर मिळतातच.

आता बिल. केबल किंवा डीटीएचच्या बिलात दोन भाग असतात: नेटवर्कचं भाडं आणि वाहिन्यांची किंमत. १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, हा भाड्याचा आकडा बऱ्याच जणांना पाठ आहे. २०१९ ला तो १०० वाहिन्यांसाठी होता, नंतर २०० साठी झाला. पण २०२४ मध्ये ट्रायने, म्हणजे या धंद्याच्या सरकारी नियामकाने, ही कमाल मर्यादाच काढली. भाडं आता कंपनी ठरवते, त्यामुळे जुन्या आकड्यावर केबलवाल्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. मागायचं ते वाहिन्यांच्या किमतीसकट फोडलेलं बिल. समजा भाडं १३० च आहे आणि १९ रुपयांच्या तीन मराठी वाहिन्या सुट्ट्या घेतल्या. १८७ रुपये झाले, कर धरून २२० रुपये ६६ पैसे. तुमचं बिल याच्या दुप्पट येत असेल तर पॅकेजमध्ये कोण काय बघतंय ते एकदा तपासा. सुट्ट्या वाहिन्या घेणं नेहमी स्वस्त पडतं असंही नाही. एकाच समूहाच्या तीन-चार वाहिन्या हव्या असतील तर त्यांचा गुच्छ स्वस्त पडतो, कारण गुच्छावर ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते.

घरातल्यांना काय बघायचं असतं, त्यावर सगळं ठरतं. बातम्या? मराठी वृत्तवाहिन्या यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात. मालिका? झी मराठीच्या झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीच्या सोनीलिव्हवर. म्हणजे तीन वाहिन्यांच्या मालिका बघणाऱ्या घराला दोन-तीन वर्गण्या लागू शकतात, आणि मग बचतीचं गणित कोलमडतं. वर्गणी घेताना ती टीव्हीवर चालते ना, ते बघा. मोबाइलपुरत्या स्वस्त योजना टीव्हीवर उघडत नाहीत, आणि हे पैसे भरल्यावर कळतं.

क्रिकेटचं वेगळंच आहे. २००७ च्या कायद्यानुसार राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी कंपनीला प्रसार भारतीला द्यावं लागतं, आणि २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तो सिग्नल दूरदर्शनला फक्त स्वतःच्या ट्रान्समीटरवर आणि स्वतःच्या डिशवर दाखवता येतो. म्हणून भारताचा एकदिवसीय सामना फ्री डिशच्या डीडी स्पोर्ट्सवर फुकट दिसतो आणि केबलच्या त्याच डीडी स्पोर्ट्सवर त्या वेळी दुसरंच काहीतरी चालू असतं. आयपीएल यात येत नाही. शिवाय ॲपवरचा सामना केबलच्या मागे चालतो, अर्धा मिनिटही मागे असू शकतो. शेजारी ओरडले की आपल्याला कळतं, विकेट पडणार आहे.

फ्री डिशवर झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी नाहीत. दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री कायम असते. बाकी खासगी वाहिन्या लिलावात जागा घेतात, त्यामुळे यादी बदलत राहते. हे माहीत असूनच बसवा.

बसवणं अवघड नाही, पण चुका ठरलेल्या आहेत. उपग्रह जीसॅट-१५, जागा ९३.५ अंश पूर्व. मुंबई-पुण्याहून तो आग्नेयेला दिसतो, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं तर साधारण १३१-१३२ अंशांवर. नागपूरहून तो दक्षिणेकडे आणखी सरकतो, सुमारे १४५ अंश. क्षितिजापासून उंची राज्यात जवळपास सगळीकडे ५८ ते ६० अंश. आता छत्रीकडे बघून ती ६० अंश वर रोखलेली वाटणार नाही. या छत्र्यांचा केंद्रबिंदू बाजूला असतो, त्यामुळे थाळी दिसते त्यापेक्षा पंचवीसेक अंश वर बघते. क्लॅम्पवरची मापपट्टी वाचा, डोळ्यावर जाऊ नका. आणि खांब ओळंब्यात उभा हवा. तो कलला असेल तर पट्टीवरचे सगळे आकडे खोटे.

सगळ्यात जास्त वेळ खाते ती एलएनबीची, म्हणजे छत्रीसमोरच्या दांड्यावर सिग्नल पकडणाऱ्या तोंडाची, पिळण. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसल्याने त्याच्या लहरी आपल्याला तिरक्या मिळतात. मुंबई-पुण्यात हा तिरकेपणा ४५ अंशांच्या आसपास, नागपुरात ३३. छत्रीच्या मागे उभं राहून उपग्रहाच्या दिशेने पाहताना एलएनबी घड्याळाच्या उलट दिशेने तेवढी फिरवायची. सरळ ठेवली तर पुण्यात उभ्या आणि आडव्या लहरी सारख्याच प्रमाणात आत येतात, हवा तो सिग्नल निम्मा होतो आणि नको तो तेवढाच घुसतो. मग माणूस तासभर छत्रीच हलवत बसतो.

बॉक्समध्ये एलएनबीची वारंवारता ९७५०/१०६०० ठेवा. पहिला शोध ११०९० वर, व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५००. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतील: स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थ ८० आणि क्वालिटी शून्य म्हणजे तार आणि एलएनबी जिवंत आहेत, छत्री मात्र भलतीकडे बघतेय किंवा पिळण चुकलीय. तुमचं लक्ष क्वालिटीवर हवं. छत्री एका वेळी अगदी थोडी हलवा, थांबा, बॉक्सला पकडायला दोन-तीन सेकंद द्या. घाईघाईत फिरवली तर बरोबर जागेवरून पुढे निघून जाते आणि कळतही नाही. स्ट्रेंग्थसुद्धा शून्य असेल तर छत्रीला हात लावू नका, आधी कनेक्टर उघडा. तारेच्या बाहेरच्या जाळीचा एखादा केस मधल्या तांब्याला टेकलेला असतो, शॉर्ट होतो आणि एलएनबीला वीजच जात नाही. बॉक्स त्याच तारेतून १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवतो, हे लक्षात ठेवलं की अर्धे बिघाड घरात बसून उलगडतात. त्याच कारणाने एक छत्री दोन टीव्हींना साध्या स्प्लिटरने वाटता येत नाही. दोन तोंडांची एलएनबी घ्या आणि दोन तारा खाली आणा.

तार आरजी-६ घ्या. लांब अंतराला आतली तार पूर्ण तांब्याची बरी. तांब्याचा मुलामा दिलेल्या पोलादी तारेत व्होल्टेज जास्त पडतं. कनेक्टरला रबरी सीलिंग टेप गुंडाळा आणि घरात शिरण्याआधी तारेला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. हे न केलेली डिश पहिल्या पावसाळ्यात चालते आणि दुसऱ्यात कुरकुरते, कारण पाणी जाळीतून हळूहळू आत सरकत असतं.

घरी जुन्या डीटीएचची छत्री गंजत पडली असेल तर नवी घेण्याआधी ती बघा. डिश टीव्हीची ९५ अंशांवरच्या उपग्रहाकडे रोखलेली असते, तिथून ९३.५ वर यायला दक्षिणेकडे किंचितच सरकवावी लागते. डीटूएचची ८८ वर, टाटा प्लेची ८३ वर, त्यांना उलट पूर्वेकडे न्यायचं. एलएनबीवर ९.७५ आणि १०.६ असे दोन्ही आकडे छापलेले नसतील तर मात्र ती बदला, नाहीतर खालच्या पट्ट्यातल्या वाहिन्या लागणारच नाहीत. बॉक्स एमपेग-४ वाला घ्या, जुन्या एमपेग-२ बॉक्सवर काही वाहिन्या दिसत नाहीत. त्याआधी टीव्हीची मागची बाजूही बघा. उपग्रहाचा ट्यूनर आतच असलेले टीव्ही आता मिळतात, माहितीपुस्तिकेत डीव्हीबी-एस२ असं लिहिलेलं असतं. मग बॉक्सच लागत नाही. सेटिंगमध्ये एलएनबी पॉवर सुरू करायला विसरू नका.

पाऊस हा आभाळाच्या वाटेचा खरा शत्रू. या लहरींची लांबी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते आणि टपोरे थेंब त्यांना शोषतात, विखुरतात. केबलवाला बहुतेक वाहिन्या उपग्रहाच्या सी-बँड या दुसऱ्या पट्ट्यावर घेतो, तिथे लहर साडेसात सेंटिमीटरची, म्हणून मुसळधारेत शेजारची केबल चालू आणि आपली डिश बंद असं होतं. कोकणात आणि घाटमाथ्यावर ६० सेंटिमीटरऐवजी ९० ची छत्री लावा. क्षेत्रफळ सव्वादोन पट होतं, सिग्नलचे साडेतीन डेसिबल जास्त हातात येतात. धो-धो सरीत तरीही चित्र जाईल, पण जायला उशीर होईल आणि लवकर परतेल. मात्र ९० ची छत्री वारा जास्त पकडते, म्हणून भिंतीत चार अँकर बोल्ट हवेतच. लाकडी खुंटीवर ती टिकत नाही.

पैसे भरून घ्यायच्या डीटीएचबद्दल माझं मत फारसं बरं नाही. पावसाचा त्रास फ्री डिशचाच आणि बिल केबलचं. ब्रॉडबँड नाही, केबल नाही आणि मालिका हव्यात, अशा वाडीवस्तीवर ती योग्यच. शहरात घेणार असाल तर आधी दिशा बघा. एअरटेलची छत्री १०८.२ अंशांवरच्या उपग्रहाकडे बघते, तो मुंबईहून ४४ अंशच उंच आहे. पूर्वेला टॉवर उभा राहतोय अशा इमारतीत ती निवडणं म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा शोधाशोध.

ॲपवर टीव्ही बघायला वेग फार लागत नाही. एचडीला ५ एमबीपीएस खूप झाले, तासाला सव्वादोन जीबी खर्च होतो. रोज पाच तास धरले तरी महिन्याला साडेतीनशेच्या आत. चित्र अडकतं तेव्हा दोष बहुधा प्लॅनचा नसतो, राउटर आणि टीव्ही यांच्यामधल्या भिंतीचा असतो. टीव्हीला लॅनची तार जोडा. तिथलं पोर्ट १०० एमबीपीएसचं असलं तरी भरपूर आहे. टीव्ही जुना आणि ॲप उघडायला मिनिट घेत असेल तर टीव्ही बदलू नका, ॲप चालवणारी छोटी स्टिक मागे लावा.

आणि केबल कोणी ठेवावी? ज्या घरात दिवसभर रिमोट सत्तरीपुढच्या माणसाच्या हातात असतो, त्याने. साडेसातला मालिका, त्यासाठी ठरलेला नंबर दाबायचा, बिघडलं तर गल्लीतल्या पोराला हाक मारायची. ही सोय कुठलंच ॲप देत नाही. लॉगिन गेलं, ओटीपी दुसऱ्याच्या मोबाइलवर, अपडेट मागतंय, अशा कटकटी आजीच्या माथी मारून महिन्याला दीडशे रुपये वाचवण्यात काही शहाणपण नाही. त्या एका टीव्हीची केबल ठेवा, बाकी टीव्हींची काढा.

वीज गेल्यावर काय होतं तेही बघून ठेवा. केबलच्या तारेवर गल्लीत ठिकठिकाणी अ‍ॅम्प्लिफायर असतात, त्यांची वीज गेली की तुमच्या इन्व्हर्टरचा उपयोग नाही. घरापर्यंत फायबर आलेलं असेल तर मधे विजेवर चालणारं सहसा काही नसतं, राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की नेट चालू राहतं. पण इमारतीच्या गच्चीवर स्विच आणि तिथून घरात लॅनची निळी तार अशी जोडणी असेल, तर तो स्विच जिन्याच्या विजेवर आहे की कशावर, ते विचारा. विचारेपर्यंत कोणाला माहीत नसतं.

केबल काढायची ठरलीच तर लगेच बंद करू नका. सलग एक महिना तात्पुरती थांबवायला लेखी सांगा, तशी सोय नियमात आहे. पाहुणे, सण, एखादा मोठा सामना, सगळं त्या महिन्यात येऊन जाईल असा महिना निवडा, गणपतीचा उत्तम. मग बॉक्स परत करा, अनामत भरली असेल तर पावती दाखवून मागा, आणि बॉक्सचा क्रमांक लिहिलेली पोच घेतल्याशिवाय तो हातातून सोडू नका.