‘नॅनो पावडरला मास्क काय करणार?’ : फिरत्या मेसेजला उत्तर

कारखान्यांच्या ग्रुपवर एक मेसेज जोरात फिरतोय. म्हणणं असं: नॅनो कण (साधारण 100 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाहून लहान) मास्कच्या भोकांपेक्षा बारीक, म्हणून मास्क फुकट. पण कार्बनच्या नॅनो पावडरला घाबरू नका, कार्बन तो कार्बनच. श्वासाबरोबर आत गेला तसा बाहेर येतो. आणि रेझिनमध्ये (घट्ट होऊन प्लास्टिकसारखं बनणाऱ्या चिकट द्रवात) मिसळला की विषय संपला. थोडक्यात, उपायही नाही आणि धोकाही नाही!

आधी मास्क. फिल्टर म्हणजे पिठाची चाळणी नव्हे. इतके बारीक कण हवेच्या रेणूंचे धक्के खात सैरभैर फिरतात आणि धाग्यांवर आपटून तिथेच चिकटतात. अमेरिकेत एन-95ला मान्यता देताना चाचणीच मुळात सुमारे 75 नॅनोमीटरच्या मिठाच्या कणांवर घेतात. मास्क फसतो तो कडेने: दाढी, सैल पट्टा, नाकाशी राहिलेली फट. तोंडाला बांधलेल्या रुमालाबद्दल मात्र मेसेजवाल्याशी माझं भांडण नाही.

‘कार्बन तो कार्बनच’ हे सगळ्यात महागात पडणारं वाक्य. रंगातलं पांढरं टायटेनियम डायऑक्साइड घ्या. अमेरिकेतल्या ‘नायॉश’ या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेने 2011 मध्ये त्याच्या हवेतल्या बारीक धुळीसाठी घनमीटरला 2.4 मिलिग्रॅमची मर्यादा सुचवली, अतिसूक्ष्म कणांसाठी 0.3. पदार्थ तोच, मर्यादा आठपट कडक; कारण तेवढ्याच वजनात पृष्ठभाग कितीतरी जास्त. कार्बन नॅनोट्यूबसाठी (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांसाठी) त्यांची 2013 ची शिफारस घनमीटरला 1 मायक्रोग्रॅम, म्हणजे मिलिग्रॅमचा हजारावा भाग, आहे, तर टायरमधल्या कार्बन ब्लॅक या काजळीसारख्या काळ्या पावडरची तिथली कायदेशीर मर्यादा 3.5 मिलिग्रॅम. एक शिफारस, दुसरा कायदा, हे धरूनही फरक 3,500 पटींचा. नॅनोट्यूबच्या सेफ्टी डेटा शीटवर (मालासोबत येणाऱ्या सुरक्षेच्या माहितीपत्रकावर) ग्रॅफाइटचा, म्हणजे साध्या कार्बनचा, आकडा दिसला तर पुरवठादाराला तिथल्या तिथे फोन लावा. अर्थात सगळ्याच नॅनोट्यूब ॲस्बेस्टॉसची (फुफ्फुसाला घातक अशा तंतुमय खनिजाची) भावंडं नाहीत. 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरच्या प्रयोगात लांब नळ्यांनी ॲस्बेस्टॉससारखा दाह केला, आखूड, गुंता झालेल्यांनी नाही.

‘बाहेर येतो’? काही कण येतात. पण 20 नॅनोमीटरच्या आसपासचे निम्म्याच्या घरात वायुकोशांतच (फुफ्फुसातल्या हवेच्या इवल्या पिशव्यांत) बसतात, आणि तिथून ते हलायला महिने लागतात. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेली एक केस बघा: एक केमिस्ट उघड्या टेबलावर निकेलची नॅनो पावडर हाताळत होती, जेमतेम एक-दोन ग्रॅम. घसा खवखवला, नाक चोंदलं, चेहरा लाल झाला आणि निकेलची ॲलर्जी मागे लागली.

रेझिनचं म्हणणं बरंचसं खरं. घट्ट झालेल्या तुकड्यातून कण आपणहून उडत नाहीत. पण त्याआधी कुणीतरी पिशवी फाडून पावडर ओततो, नंतर कुणीतरी तो तुकडा कापतो, घासतो. तिथे धूळ ओढणारा एक्झॉस्ट हवा, जमेल तिथे ओलं काम हवं. आणि शिफ्ट संपताना एअर गनने कपडे झटकणं बंद करा. हेपा फिल्टरचा (अतिबारीक धूळही अडवणारा) व्हॅक्यूम आणि ओलं फडकं वापरा, झाडू नको.