गॅलिलिओची गोष्ट सांगा, पण उतारही लावा

"चौथीपर्यंत विज्ञानाला प्रयोगसाहित्य नको, शास्त्रज्ञांची चरित्रं वाचून दाखवली की पुरे" असा एक लांबलचक मेसेज शिक्षकांच्या आणि पालकांच्या ग्रुपांवर फिरतोय. चौथीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या माझ्या वहिनींपर्यंत तो वरून आला, तोही "अंमलबजावणी करावी" असा शेरा घेऊन. तेव्हा एकदा नीट उत्तर दिलेलं बरं.

"आइनस्टाइन गणितात नापास झाला होता." नाही झाला. 1896 मध्ये आराऊच्या शाळेतून बाहेर पडताना त्याला बीजगणित, भूमिती आणि भौतिकशास्त्रात 6 गुण होते, आणि तिथे 6 म्हणजे सर्वोच्च. त्याआधी 1895 मध्ये, सोळाव्या वर्षी, झुरिक पॉलिटेक्निकची प्रवेश परीक्षा तो नापास झाला, एवढं खरं. पण तिथेही गणित-भौतिकशास्त्र उत्तम होतं, बाकीच्या विषयांनी घात केला. पुढे.

"एडिसनची चिठ्ठी." शाळेने दिलेली चिठ्ठी आईने "मुलगा अलौकिक बुद्धीचा आहे" अशी खोटीच वाचून दाखवली, आणि ती वारल्यावर कपाटात खरा मजकूर सापडला. डोळे पुसायला ठीक आहे. एडिसनने स्वतः सांगितलेली हकिकत मात्र वेगळीच आहे: मास्तर आपल्याला बिनडोक म्हणताना त्यानेच ऐकलं, घरी येऊन आईला सांगितलं आणि आई शाळेत जाऊन भांडली. मग लपवायला उरलं काय? आणि घटकाभर खरी धरली, तरी तिच्यात विज्ञान कुठे आहे? दिव्यातली कार्बनची तार उघड्या हवेत का जळून जाते, काचेतली हवा आधी का काढावी लागते, याचं अक्षरही तिच्यात नाही.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं तो मुद्दा. "फ्रँकलिनने पतंगावर वीज उतरवली. पावसाळ्याच्या तोंडावर मुलांकडून तसा पतंग उडवून घ्यावा, चरित्र जिवंत होतं." चरित्र जिवंत होईल, मुलाचं सांगता येत नाही.

1752 च्या त्या प्रयोगात पतंगावर वीज पडलीच नव्हती. पडली असती तर फ्रँकलिन वाचणं कठीण होतं. ढगाखालच्या हवेतला विद्युतभार ओल्या सुतळीतून किल्लीपर्यंत आला आणि बोटाचं पेर जवळ नेल्यावर ठिणगी उडाली. हातात धरायला रेशमी फीत होती, आणि ती भिजू नये म्हणून तो आडोशाला उभा होता. मुलांच्या पुस्तकातल्या चित्रात तो भर पावसात, मोकळ्या मैदानात दिसतो. पुढच्याच वर्षी, 1753 मध्ये, सेंट पीटर्सबर्गला गेओर्ग रिखमान हा शास्त्रज्ञ ढगातली वीज मोजायला गेला आणि जागीच मेला. तो तर घरात होता. छतावरची लोखंडी सळई आत उपकरणाला जोडली होती, तेवढं पुरलं. त्या मेसेजमध्ये रिखमानचं नाव नाही.

वर्गात हेच शिकवायचं तर प्लास्टिकचा कंगवा कोरड्या केसांतून दहा-बारा वेळा फिरवा आणि टिकलीएवढ्या कागदाच्या कपट्यांजवळ न्या. डिसेंबर-जानेवारीत करा. जुलैत कपटे ढिम्म हलत नाहीत, कारण दमट हवेत कंगव्यावर ओलावा धरतो आणि भार टिकत नाही. खोबरेल चोपडलेल्या केसांवर तर बारा महिने जमत नाही.

"परदेशात हे सिद्ध झालंय." इथे थोडं मान्य करावं लागेल. शाओडाँग लिन-सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2016 चा अभ्यास आहे. नववी-दहावीच्या 402 विद्यार्थ्यांचे तीन गट केले होते. आइनस्टाइन, क्युरी, फॅरेडे यांच्या चुका आणि अडचणी ज्यांनी वाचल्या, त्यांचे विज्ञानाचे गुण सुधारले. ज्यांनी फक्त थोरवी वाचली, त्यांना तो फायदा झाला नाही. म्हणजे मेसेजातल्या "जन्मजात प्रतिभावंत" छापाच्या गोष्टी नेमक्या बिनफायद्याच्या गटात बसतात! शिवाय ती मुलं चौथीची नव्हती, आणि त्यांचे विज्ञानाचे नेहमीचे तास चालूच होते. गोष्टी त्यात भर म्हणून होत्या. तासच काढून टाकायचा आधार या अभ्यासात शोधून सापडणार नाही.

राहिलं "साहित्य परवडत नाही". गॅलिलिओ घ्या. पिसाच्या मनोऱ्याची गोष्ट त्याच्या शिष्याने, विव्हियानीने, लिहिलेली आहे. गॅलिलिओने स्वतः 1638 च्या ग्रंथात सविस्तर दिलाय तो उताराचा प्रयोग: लाकडी पट्टीत गुळगुळीत खाच, तिच्यातून घरंगळणारा काशाचा गोळा, आणि वेळ मोजायला भांड्यातून गळणारं पाणी. तोच करा.

दोन मीटरचा पाऊण इंची ॲल्युमिनिअमचा एल-अँगल हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. तो पन्हाळीसारखा धरून एक टोक 10 सेंमी उचला, खाली ठिकठिकाणी मातीचे गोळे लावा. गोटी सुटल्यापासून 45 सेंमीवर आणि 180 सेंमीवर खूण करा. दोन लिटरच्या बाटलीला बुडाजवळ 2 मिमीचं भोक पाडा, झाकण काढून टाका, भोकावर बोट. गोटी सोडताना बोट काढायचं, खुणेला पोचताच लावायचं, आणि पेल्यात जमलेलं पाणी 20 मिलिच्या सिरिंजने मोजायचं. प्रत्येक खुणेसाठी पाच वेळा करून सरासरी घ्या, कारण बोट मागेपुढे होतंच.

मोजण्याआधी मुलांना अंदाज फळ्यावर लिहायला लावा. अंतर चौपट, तर पाणीही चौपट, असंच बहुतेकांना वाटतं. भरतं दुप्पटच, साधारण साडेसहा आणि तेरा मिलि. भोक थोडं लहानमोठं झालं तर आकडे बदलतील, दुप्पट बदलणार नाही. तिप्पट येऊ लागलं तर दोन गोष्टी बघा. गोटी बोटाने ढकलली जातेय का. ती पट्टीने अडवून ठेवा आणि पट्टी उताराच्या दिशेने पुढे उचला. आणि अँगल मधे पोटात आलाय का. तसं असेल तर वरचा उतार जास्त आणि खालचा कमी होतो, गोटी शेवटी रेंगाळते. मधे मातीचा आणखी एक गोळा लावा.